आधी बाहेर यायचा रस्ता शोध

लालबागच्या तरणतलावात स्कूबा डायव्हिंगला तुझा हात चांगला बसलाय, बाळा. पण कॅलिफोर्नियात पॉइंट लोबोसच्या किनाऱ्याला समुद्राचं पाणी साधारण १० ते १३ अंश असतं. तोंड बुडताच श्वास चढतो. ७ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख), डोक्यावर हूड, हातमोजे हवेतच. जाड सूट पाण्यात वर उचलतो, म्हणून खाली जायला अंगावर बांधायचं वजनही जास्त लागतं. ते उथळ पाण्यात तपासून घे. तिथल्या व्हेलर्स कोव्ह या छोट्या खाडीसाठी डाईव्हचं आरक्षण आधीच कर. जोडीदाराशिवाय तिथे उतरू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आता खरं काम. हवेची टाकी गाडीतच ठेव आणि २० मिनिटं नुसता लाटा बघत उभा राहा. त्या झुंडीनं येतात: बराच वेळ शांत, मग चार-पाच दांडग्या. अंदाज वाचताना उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही बघ. ३ फुटांची लाट १५ सेकंदांनी येत असेल, तर ८ सेकंदांवाल्या तेवढ्याच लाटेपेक्षा खडकावर कितीतरी जोरात आदळते. बाहेर पडायची जागा आधी ठरव, मग आत शिरायची. मी एकदा घाई केली. गुडघाभर पाण्यात वाकून पायातले फिन (पोहायचे रबरी पंख) काढत होतो, मागून लाट आली आणि गुडघा खडकावरच्या शिंपल्यांवर सोलून निघाला. वण अजून आहे.

हवेचे तीन भाग कर: जायला, यायला, राखीव. केल्पच्या (उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाच्या) दाट छताखालून पोहत बाहेर यायला तो राखीव भागच कामी येतो. बोटं बधिर व्हायला लागली की परतायचं, हे जोडीदाराशी किनाऱ्यावरच बोलून घे.