बोट लागते, तरी आंग्रिया बँकला जाऊ का?

प्रश्न: ताई, मालवणला दोनदा स्कुबा केलंय. आता ग्रुप म्हणतोय तीन दिवस बोटीवरच राहून आंग्रिया बँकला (भर समुद्रातलं पाण्याखालचं प्रवाळ-पठार) डायव्हिंग करू. मला बोट लागते. जाऊ का?
– एक वाचक, देवगड

उत्तर: अहो, मालवणला किल्ल्याजवळ इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरूनच असतो, आपण फक्त मासे बघायचे आणि कॅमेऱ्याला अंगठा दाखवायचा (खरं तर पाण्यात अंगठा वर म्हणजे ‘वर चला’, ओकेची खूण वेगळी!). आंग्रियाचं तसं नाही, विजयदुर्गपासून साधारण १०५ किमी आत, चहूकडे नुसतं पाणी आणि प्रवाळाचा माथाच जवळपास २० मीटर खाली. साध्या ओपन वॉटर कोर्सची (डायव्हिंगची पहिली पायरी) मर्यादा १८ मीटर, म्हणजे ३० मीटरवालं ॲडव्हान्स्ड सर्टिफिकेट हवंच. तारकर्लीला कोर्स होतात, आधी तिकडे जा, ग्रुप थांबेल.

बोट लागण्याचं म्हणाल तर गोळी उलट्या सुरू झाल्यावर घेऊन काही होत नाही, निघायच्या तासभर आधी घ्यायची, आणि काही गोळ्यांनी झोप येते म्हणून डॉक्टरांना डायव्हिंगचं सांगूनच घ्या. मी एकदा रिकाम्या पोटी चढले, वर डिझेलचा वास, अर्धा दिवस कठडा धरून बसले होते. कोरडी भाकरी खाऊन गेले असते तर बरं झालं असतं.

आणि हो, शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नको, त्यामुळे परतीचं तिकीट रेल्वेचंच काढा.