"बिनविषारी आहे हो, काही होत नाही!"

प्रश्न असा आहे: ठामपणे चुकीचं बोलणाऱ्यामुळे एवढं काय बिघडतं? नुसतं माहीत नसण्यापेक्षा ते वाईट कसं?

मी साप पकडायला जातो, त्यामुळे सापांवरूनच सांगतो.

ज्याला सापांतलं ओ की ठो कळत नाही, तो चावल्यावर घाबरून थेट दवाखाना गाठतो. घोटाळा होतो तो "अरे, हा कवड्या आहे" म्हणणारा जाणकार शेजारी असला की. बिनविषारी कवड्या आणि जहाल विषारी मण्यार, दोघेही गडद रंगाचे, दोघांवरही पांढरट पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचे डोक्यामागे बरीच जागा सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने, आणि शेपटीकडे ठळक होतात. रात्री मोबाइलच्या उजेडात, काठीने ठेचलेल्या सापावर हे बघा बरं! त्यात मण्यार चावली तर बऱ्याचदा ना सूज, ना धड दुखणं. कधी दाताची खूणसुद्धा सापडत नाही. त्यामुळे त्या जाणकाराचं म्हणणं बराच वेळ खरंच वाटत राहतं. मग पोटात कळा येतात, पापण्या उघडेनात, जीभ जड होते, आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात.

हे अर्धवट माहितीवाल्यांचंच होतं असंही नाही. कार्ल श्मिट हे शिकागोच्या फील्ड म्युझियमचे नावाजलेले सर्पतज्ज्ञ. सप्टेंबर 1957 मध्ये, ओळख पटवायला आलेलं बूमस्लँग या आफ्रिकी सापाचं पिल्लू त्यांच्या अंगठ्याला चावलं. पिल्लू लहान, एकच दात जेमतेम रुतलेला, तेव्हा जिवाला धोका नाही असं त्यांनी धरलं. उपचार न घेता लक्षणं टिपत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या नोंदीत अंडी, टोस्ट, कॉफीचा नाश्ता आहे आणि नाका-तोंडातून रक्त येतंय, पण फार नाही, असंही आहे. दुपारी ते गेले. (उपचारांनी वाचले असते का, हा वेगळा मुद्दा.)

खरं तर डॉक्टरांचं सापाच्या नावावाचून अडत नाही. आपल्याकडची विष उतरवणारी लस (अँटीव्हेनम) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे. घोणस किंवा फुरशाचा संशय असेल तर काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नळी आडवी केल्यावर रक्त विषामुळे न गोठता पातळच राहिलेलं दिसलं, की लस सुरू.

म्हणून साप चावल्यावर फोटो पाठवून "कोणता आहे?" विचारणाऱ्यांना मी नाव सांगतच नाही. दवाखान्यात पोहोचलात का, एवढंच विचारतो. काहींना राग येतो, येऊ दे.