रॅपर एसॅप रॉकी न्यूयॉर्कचा, मग त्याच्या ‘लिव्ह. लव्ह. एसॅप’मध्ये ह्यूस्टनचा बाज कसा?

उत्तर: कारण त्याने तो जाणूनबुजून घेतला. रॉकी न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या वस्तीचा, पण २०११ च्या या मिक्सटेपमध्ये (अल्बमसारख्याच गाण्यांच्या संग्रहामध्ये) टेक्सासमधल्या ह्यूस्टनची छाप जागोजागी आहे.

तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डीजे स्क्रू याने ‘चॉप्ड अँड स्क्रूड’ शैली रुजवली. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर, एक दुसरीपेक्षा किंचित मागे. मधला फेडर (एका रेकॉर्डवरून दुसऱ्यावर आवाज नेणारी सरकती कळ) इकडून तिकडे सरकवला की आत्ताच ऐकलेला शब्द पुन्हा कानावर येतो. मग सगळं रेकॉर्डिंग मंद गतीने कॅसेटवर उतरवायचं. गती उतरली की स्वरही खाली येतो, आवाज घोगरा आणि जड होतो.

आता याच मिक्सटेपमधलं ‘पर्पल स्वॅग’ लावा. खर्जात ओढलेला तो आवाज थेट ह्यूस्टनचा आहे. गाण्याच्या नावातला जांभळा रंगसुद्धा तिथलाच, नशेसाठी प्यायल्या जाणाऱ्या, कोडीन असलेल्या जांभळ्या खोकल्याच्या औषधावरून आलेला. (हे व्यसन जीवघेणं आहे, खुद्द स्क्रू २००० साली कोडीनच्या अतिसेवनाने गेला.)

पण ही नुसती नक्कल नाही. ‘पॅलेस’सारख्या गाण्यांना न्यू जर्सीच्या क्लॅम्स कसिनो या संगीत-निर्मात्याचं धुकट, तरंगतं संगीत आहे आणि त्यावर रॉकीची हार्लेमची ऐट. मला हीच सरमिसळ फार आवडते. आधी स्क्रूची एखादी जुनी टेप ऐका, मग हेडफोन लावून रॉकीकडे या.