गाडीत बसण्याआधी

(बावीस वर्षं बांधकामावर घमेली वाहिलेल्या आणि आता कामगारांचे नोंदणी अर्ज भरून देणाऱ्या वारज्याच्या मावशी या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

मावशी, मी परभणी जिल्ह्यातला. बी.ए. झालोय. उत्तमनगरला मावसभावाच्या खोलीवर राहतो. कंपनीत कुठे लागेपर्यंत बांधकामावर जावं म्हणून वारजे माळवाडीच्या मजूर अड्ड्यावर चार दिवस उभा राहिलो. एकच दिवस काम मिळालं. तेही दुपारी दोनला संपलं म्हणून सांगितलं आणि अर्धा रोज हातावर ठेवला. बाकीच्यांना गाड्या येऊन घेऊन जातात, माझ्याकडे कुणी बघतही नाही. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, उत्तमनगर

बाळा, तू किती वाजता येतोस ते लिहिलं नाहीस, पण मी सांगते. साडेआठ-नऊला. अड्डा सातला भरतो. चांगल्या गाड्या साडेआठच्या आत येऊन जातात. दहानंतर जो ठेकेदार येतो तो भाव पाडायलाच येतो, कारण त्याला ठाऊक असतं की आता उरलेत ते गरजू आहेत.

दुसरं, पाठीला कॉलेजची सॅक, पायात पांढरे बूट आणि हातात मोबाईल असं उभं राहू नकोस. रागावू नकोस, पण ठेकेदार गाडीतून उतरायच्या आधीच माणूस पारखतो. गवंड्याच्या पिशवीतून थापी डोकावते. पेंटरचा रोलर दिसतो. फोडकामवाला छिन्नी-हातोडा पायापाशी ठेवून बसतो. बिगाऱ्याकडे, म्हणजे हाताखालच्या मजुराकडे, दाखवायला काहीच नसतं, त्यामुळे तो कोणाबरोबर उभा आहे यावर त्याची किंमत ठरते.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझे आई-वडील ७२ च्या दुष्काळात अक्कलकोटकडून पुण्याला खडी फोडायला आले. त्यांना तयार टोळी होती, अड्ड्याची गरज पडली नाही. मी मात्र लग्नानंतर एकटीच दांडेकर पुलाच्या अड्ड्यावर जाऊन उभी राहिले. तीन दिवस तशीच परत. चौथ्या दिवशी कलबुर्गीकडची एक म्हातारी म्हणाली, ‘अगं, रस्त्याकडे तोंड करून काय उभी राहतेस? मिस्त्रीकडे तोंड कर.’ तिचं खरं होतं. ठेकेदार मिस्त्री शोधायला येतो. एका मिस्त्रीच्या हाताखाली माल कालवायला आणि द्यायला दोन बिगारी लागतात, आणि ते बहुतेक वेळा मिस्त्रीच निवडतो. तेव्हा रोज एकाच जागी उभा राहा, त्याच दोन-तीन मिस्त्रींशी बोल, सकाळचा चहा त्यांच्याबरोबर घे. काम नसलं तरी आठ दिवस खाडा न करता ये. आज इथे, उद्या कात्रजला, परवा डांगे चौकात असं फिरलास तर तिन्हीकडे नवाच राहशील.

आता त्या अर्ध्या रोजाचं. इथे तू फसलास, कारण गाडीत बसण्याआधी काही ठरवलं नाहीस. मीही अशीच फसले होते. आम्हा पाच जणांना एकाने पिकअपमध्ये घातलं, ‘साफसफाई आहे’ म्हणाला. हिंजवडीच्या पलीकडे उतरवलं तर समोर सिमेंटच्या गोण्या. पन्नास किलोची एक, आणि चौथा मजला, लिफ्ट नाही. पुरुषांनी गोण्या नेल्या, आम्ही दोघींनी वाळू. संध्याकाळी तो ‘पैसे आणतो’ म्हणून गेला तो गेलाच. फोन बंद. साईटवरचा वॉचमन म्हणे, ‘तो कोण, मला माहीत नाही.’ अंधारात चालत हमरस्त्यापर्यंत आलो. माझ्या ओच्यात सात रुपये होते.

तेव्हापासून पाय गाडीवर ठेवायच्या आधी माझं तोंड चालायला लागलं. काम काय? कितवा मजला? माल लिफ्टने की डोक्यावर? रोज किती, सुट्टी कितीला, पैसे आजच की आठवड्याला? लवकर सोडलं तर पूर्ण हजेरी की अर्धी? परत आणून सोडणार का? चार माणसांदेखत मोठ्याने विचारायचं, म्हणजे साक्षीदार आपोआप होतात. आणि गाडीच्या नंबरचा फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवायचा. तुझा मोबाईल तिथे कामाला येईल. जो यावर चिडतो त्याच्या गाडीत बसू नकोस. आमच्या अड्ड्यावर सध्या बिगाऱ्याचा रोज सातशेच्या आसपास निघतो, गवंड्याचा हजाराच्या वर. कुणी एकदम बाराशे देतो म्हणाला तर जास्त प्रश्न विचार.

स्लॅबच्या कामाला मात्र वेगळं ठरवायचं. स्लॅब एकदा ओतायला घेतला की मध्येच सोडता येत नाही. आधीचा माल, म्हणजे काँक्रीट, आवळून घट्ट झाला आणि त्यावर नवा पडला तर सांधा राहतो, पुढे तिथूनच पाणी झिरपतं. म्हणून तिथे सहाची सुट्टी नसते, रात्रीचे दहाही वाजतात. सहानंतरचं काय देणार ते सकाळीच बोलून घे, रात्री घमेलं हातात असताना कुणी भाव देत नाही. आणि गमबूट घातल्याशिवाय मालात उभा राहू नकोस. ओल्या सिमेंटने कातडं जळतं. आधी कळत नाही, रात्री पायांच्या बोटांमध्ये आग होते. माझ्या डाव्या टाचेला अजून खड्डा आहे. माल अंगाला लागला की लगेच भरपूर पाण्याने धुवायचा, सुट्टीची वाट बघायची नाही.

एखादी साईट लागली की तिथे मुकादम ‘खर्ची’ देतो, म्हणजे आठवड्याच्या बाजाराला थोडे पैसे, बाकी हिशोब नंतर. खर्ची घे, पण हजेरी स्वतःच्या वहीत रोज लिही. तू बी.ए. आहेस, तुझ्या वहीवर टोळीतले आणखी चौघे हिशोब ठेवतील, आणि मग मिस्त्रीच तुला हाक मारेल. मोठी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मात्र घेऊ नकोस. उचल घेतलेला माणूस भाव बोलू शकत नाही. अमावस्येला बरेच गवंडी काम धरत नाहीत, त्या दिवशी उगाच पहाटे उठू नकोस.

नव्वद दिवस भरले की बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदव. १९९६ च्या कायद्यातून हे मंडळ आलं, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतात त्यावर चालतं. वय अठरा ते साठ. मागच्या वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, म्हणून ज्याच्याकडे काम केलंस त्याचं नाव, पत्ता आणि तारखा त्याच वहीत लिहीत जा. नोंदणीला हजार-दोन हजार मागणारा एजंट भेटेल. त्याला चहासुद्धा पाजू नकोस.

मावशी, मी आणि नवरा एकाच साईटवर बिगारी आहोत. मला दोनशे रुपये कमी देतात. शिवाय मागच्या ठेकेदाराने दोघांची सोळा दिवसांची मजुरी बुडवली. कुठे जायचं?
– एक वाचक, कात्रज

ताई, सारख्या कामाला सारखी मजुरी हा कायदा १९७६ पासून आहे. मुकादमाला विचारलं की तो म्हणतो, ‘बाईमाणूस गोणी उचलते का?’ मी एकाला म्हटलं होतं, गोणी तू एकदा उचलतोस, मी घमेलं दिवसातून कितीदा उचलते ते मोज. त्याने मोजलं नाही, पण पन्नास रुपये वाढवले. एकटी बोलू नकोस. साईटवरच्या सगळ्या बायकांनी एकाच सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी बोला.

सोळा दिवसांसाठी ठेकेदाराच्या मागे धावण्यात वेळ घालवू नकोस. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ज्याचं काम चाललंय त्या मूळ मालकावर ती देण्याची जबाबदारी येते. साईटच्या बाहेर जो मोठा फलक असतो, त्यावर बिल्डरचं नाव आणि महारेरा नंबर असतो. त्याचा फोटो काढ. दिवस, काम, ठरलेला रोज आणि बरोबरच्या दोघांची नावं एका कागदावर लिही आणि शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार दे. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. मला भेटणारे निम्मे लोक पोच न घेताच परत आलेले असतात.

बाथरूम फोडून नवं करायचं आहे. अड्ड्यावरून माणसं आणली तर फसवणूक होणार नाही ना?
– एक वाचक, कोथरूड

काका, हाच प्रश्न तीही तुमच्याबद्दल एकमेकांना विचारत असतात. फोडायला दोन माणसं आणा, पण मिस्त्रीला आधी घरी आणून काम दाखवा आणि दिवस त्यालाच ठरवू द्या. पाण्याची मुख्य तोटी कुठे बंद होते ते फोडकाम सुरू व्हायच्या आधी स्वतः दाखवा. सोसायटीची कामाची वेळ काय आहे, लिफ्टने गोण्या न्यायला परवानगी आहे का, हेही आधीच विचारून ठेवा. नाहीतर वॉचमन दुपारी काम थांबवतो आणि रोज कोणी द्यायचा यावरून भांडण लागतं.

राडारोड्याच्या टेम्पोचा भाव वेगळा ठरतो, तो मजुरांच्या रोजात धरू नका. आणि टेम्पोवाला तो कुठे टाकणार ते विचाराच. महापालिकेचा राडारोड्याचा प्रकल्प वाघोलीला आहे. कोथरूडहून लांब पडतो, म्हणून स्वस्तात नेतो म्हणणारा रात्री नदीकाठी रिकामा करून येतो.