वार आणि वेळ

प्रिय मित्रा,

तुझं चार पानी पत्र वाचलं. त्यात एकच प्रश्न पाच वेळा आला आहे: "माझं काय चुकलं?" स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांच्या आधारगटाच्या तिसऱ्याच बैठकीत एक मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा आता लवकर सुटले तर बरं." खोलीत कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. मग गट चालवणारा म्हणून तू पुढे झालास. तिला सकारात्मक विचारांबद्दल सांगितलंस, रोज दहा मिनिटं श्वासाचे व्यायाम सुचवलेस, वर एक माहितीपत्रक हातात ठेवलंस. पुढच्या बैठकीला ती आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही.

ती काही भलतंसलतं करेल ही तुझी भीती आधी बाजूला ठेवू. स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल किंवा बाबांना इजा करण्याबद्दल ती बोलली असती, तर तिला तिथेच सरळ विचारायचं आणि त्याच दिवशी हालचाल करायची, हे तुला शिकवलेलं आहे. ती तसं बोलली नाही. ती जे बोलली ते मी गेली पंधरा-सोळा वर्षं ऐकतो आहे. असं म्हणणारी माणसं घरी जातात, आपल्या माणसाचं अंथरूण बदलतात आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री त्याला कुशीवर वळवतात. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाई 1970च्या दशकात बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांबरोबर काम करत होत्या. माणूस धड गेलेलाही नाही आणि धड असलेलाही नाही, अशा दुःखाला त्यांनी 'अँबिग्युअस लॉस', म्हणजे संदिग्ध वियोग, असं नाव दिलं. पुढे ते नाव स्मृतिभ्रंशाच्या घरांनाही लागू पडलं. देह समोरच्या खुर्चीत, पण ओळखीचा माणूस कधी असतो, कधी नसतो. रडायचं तर नक्की कोणत्या दिवशी? तुझ्या गटातली ती मुलगी हेच विचारत होती.

आणि तू तिला गृहपाठ दिलास.

रागावलास तरी चालेल, पण चूक ती आहे. तुझं बोलणं खोटं नव्हतं, माहितीपत्रकही वाईट नसणार. पण तिच्या दिवसात ती दहा मिनिटं कुठून यायची होती? घरचे आणि ओळखीचे लोक अशा रुग्णासाठी दिवसाला सरासरी 5 तास देतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सरासरीच ती. ज्या घरात माणूस रात्री तीनदा उठून बाहेरच्या दाराची कडी काढू बघतो, त्या घरातले तास मोजायचे कसे? अशा बाईला "स्वतःसाठी वेळ काढा" म्हणणं म्हणजे तिच्या यादीत आणखी एक काम लिहिणं.

माझं एकच सांगणं आहे, ते पाठ कर. वार सांग, वेळ सांग, आणि त्या वेळी जा.

"काही लागलं तर सांगा" हे वाक्य तुझ्या तोंडून पुन्हा निघता कामा नये. ऐकायला गोड आहे, पण त्यात सगळं ओझं सांभाळणाऱ्याच्या खांद्यावर. काय लागतं ते तिने शोधायचं, कुणाला सांगावं ते तिने ठरवायचं, फोन तिने करायचा, आणि समोरच्याने आढेवेढे घेतले की वाईटही तिलाच वाटायचं. त्यापेक्षा "गुरुवारी चार ते सहा मी बाबांजवळ बसतो" असं म्हण. तिला फक्त हो किंवा नको म्हणायचं उरतं.

मला हे इतकं कसं माहीत, असं तुला वाटेल. मी ते वाक्य सहा वर्षं वापरलं आहे म्हणून.

माझ्या आईला अल्झायमर होता. सांभाळलं ताईने. मी लांब होतो, दर रविवारी फोन करायचो आणि शेवटी म्हणायचो, "काही लागलं तर सांग गं." शिवाय मी एक फाइल तयार केली होती. कात्रणं, आहाराचे तक्ते, मेंदूला चालना देणारी कोडी, सगळं रंगीत खुणा करून. त्या फाइलचा मला अभिमान होता. एकदा दोन दिवसांसाठी गेलो, तर आई अगदी नीटनेटकी, हसतमुख, माझी विचारपूस करणारी. पाहुणा आला की असे रुग्ण काही तास स्वतःला सावरून धरतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी ताईला म्हणालो, "आई तर छान आहे की. तू उगाच धसका घेतलायस." ताईने हातातली औषधांची डबी टेबलावर ठेवली, न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावली. तासभर बाहेर आली नाही. त्या तासात आईने मला सात वेळा विचारलं, "तुम्ही कोण? आमच्याकडे काय काम आहे?" पाचव्या वेळेला मी आईवर ओरडलो.

आई गेल्यावर कपाट आवरताना ती फाइल निघाली. ताई म्हणाली, "मी ही कधी उघडलीच नाही रे. वेळच नव्हता."

पैसे मी पाठवत होतो. औषधांचा, डॉक्टरांचा, रात्रीच्या मदतनीसाचा खर्च माझा होता, आणि एक महिनाही चुकला नाही. नोकरी सोडून येणं शक्य नव्हतं, आणि मी आलो असतो तर ते पैसे कुठून आले असते? ताईनेही कधी "ये" म्हटलं नाही. हे सगळं खरं आहे आणि मी ते कुणालाही ठणकावून सांगतो. पण वर्षाला माझ्या वीस रजा होत्या. त्या मी कुठे खर्च केल्या ते तू विचारू नकोस.

तू पुरुष आहेस म्हणून आणखी एक. अशा रुग्णांसाठी घरच्यांनी दिलेल्या तासांपैकी सुमारे 70 टक्के तास जगभर बायका देतात. बैठकीत भाऊ, मुलगा, जावई दिसले की त्यांना माहिती विचारत बसू नकोस, वार विचार. ते गाडी, पैसे, ओळखीचे डॉक्टर असं सगळं देऊ करतील. घे. आणि वहीत लिही: बुधवार, सकाळी दहा ते बारा.

तू आता म्हणशील की समुपदेशनाचा उपयोग होतो हे सिद्ध झालं आहे. झालंच आहे, मी कुठे नाही म्हणतो? न्यूयॉर्कमध्ये मेरी मिटेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाला सांभाळणाऱ्या 406 पतीपत्नींबरोबर हे काम केलं. 2006 साली छापलेल्या निष्कर्षांत, मदत मिळालेल्या घरांतल्या रुग्णांना संस्थेत ठेवण्याची वेळ सुमारे 557 दिवसांनी पुढे गेली. पण त्यांनी केलं काय ते नीट वाच. सहा बैठका, त्यातल्या चार इतर घरच्यांना सोबत बसवून. त्यानंतर आधारगट, आणि अडलं की केव्हाही फोन, तोही वर्षानुवर्षं. लंडन आणि शेजारच्या एसेक्समध्ये आठ बैठकांचा असाच एक प्रयोग झाला, 2013 साली तो प्रसिद्ध झाला. तिथे सांभाळणाऱ्यांचं नैराश्य कमी झालं, आणि बैठका घेणारे कुणी बडे तज्ज्ञ नव्हते, तुझ्यासारखी मानसशास्त्र शिकलेली, देखरेखीखाली काम करणारी मुलं होती. या दोन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट दिसते: कुणीतरी ठरलेल्या वेळी आलं, आणि पुन्हा पुन्हा आलं. मी सगळं माझ्याच बाजूला ओढतो आहे असं तुला वाटेल. वाटू दे.

आता जाऊन बसायचं कसं ते सांगतो, कारण तिथेच मंडळी गडबडतात.

पहिल्या दिवशी तिला बाहेर पाठवू नकोस. ती घरात असताना दोन-तीनदा नुसता जा, अर्धा तास बस. बाबांच्या डोळ्यांना तुझी सवय होऊ दे. नाव आठवणार नाही, पण हा माणूस धोक्याचा नाही एवढं त्यांना उमजतं. जाणारा दर वेळी एकच असू दे. चार उत्साही स्वयंसेवक आळीपाळीने पाठवलेस तर बाबांच्या लेखी घरात चार चोर शिरले. "ओळखलंत का मला?" असं विचारायचं नाही. ती तोंडी परीक्षा असते आणि ते रोज तिच्यात नापास होतात. "मी अमुक, तुमच्याशी गप्पा मारायला आलो," म्हणून मोकळा हो. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईला ते शोधायला लागले तर ती गेली हे सांगू नकोस, त्यांना तो धक्का दर वेळी नव्याने बसतो. आई कशी होती ते विचार. बरेचदा त्यांना तेवढंच बोलायचं असतं.

मुलीकडून मात्र सगळं शिकून घे. गोळ्या कशा देते, पाणी पिताना ठसका लागतो का, शौचाला जायचं असेल तेव्हा ते कोणता शब्द वापरतात, कशाने बिथरतात. पुष्कळ रुग्ण दिवस कलला की अस्वस्थ होतात, म्हणून तुला सोयीची वेळ सांगण्याआधी तिची अवघड वेळ विचार. ती बहुधा तुझ्या सोयीची नसेल. तरी तीच घे.

आणि हे लक्षात ठेव. गेल्या आठवड्यात बोलणारे बाबा एक-दोन दिवसांत अचानक गुंगीत गेले, भलतंच काही दिसू लागलं, खाणं थांबलं, तर "आजार वाढला" म्हणून गप्प बसायचं नाही. लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नव्याने सुरू केलेली गोळी, यांपैकी काहीही असू शकतं, आणि त्यावर बरेचदा उपाय असतो. त्याच दिवशी डॉक्टर. रोज बघणाऱ्या थकल्या डोळ्यांपेक्षा आठवड्याने येणाऱ्याला हा फरक कधीकधी आधी दिसतो.

ती "नको" म्हणेल, पहिल्यांदा तरी नक्की. "मला जमतंय हो." ताईही हेच म्हणायची, आणि मी ते सोयीस्कररीत्या खरं मानलं. तू मानू नकोस. हट्टाने घरात घुसायचं नाही, पण विचारणंही थांबवायचं नाही. दोन तास नको तर वीस मिनिटं. वीस मिनिटं नको तर पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारतो, म्हणायचं आणि खरंच विचारायचं. मात्र एकदा ती हो म्हणाली की तुझी परीक्षा असो, डोकं दुखत असो, जायचंच. तिने पंधरा दिवस त्या दोन तासांकडे डोळे लावले असतील. ऐनवेळी "आज जमत नाही" म्हणणाऱ्यापेक्षा कधीच न आलेला परवडला.

एक आकडा तुला सांगतो, तो गटात वापरू नकोस. सांभाळण्याचा ताण जाणवणाऱ्या वयस्क पतीपत्नींमध्ये चार वर्षांत मृत्यूचा धोका, असं काम अंगावर नसलेल्यांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त आढळला, असा अमेरिकेतला 1999 सालचा एक अभ्यास आहे. सांभाळणाऱ्या बाईला हे ऐकवून काय होणार? काळजीत भर. तिच्या भावाला ऐकव. रविवारी फोन करून "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्या प्रत्येकाला ऐकव.

त्या मुलीला आजच फोन कर. लांबलचक माफी मागू नकोस, नाहीतर ती तुझीच समजूत काढत बसेल आणि तिचं तेही एक काम वाढेल. "त्या दिवशी मी नको ते बोललो. गुरुवारी चारला येऊ का?" एवढंच. जाऊन आलास की मला लिही. बाबा कसे होते, काय बोलले, कुठे अडलं, सगळं लिही. त्या दोन तासांत ती कुठे गेली होती, तिने काय केलं, हे मात्र लिहू नकोस. तिला ते विचारूही नकोस.

तुझा,
जुना सोबती