प्रार्थना करूनही भीती जात नाही, म्हणजे माझा विश्वास खोटा आहे का?

नाही, भीती वाटली म्हणून तुमचा विश्वास खोटा ठरत नाही. मुलाची नोकरी गेली, उसाचं बिल अडकलंय, असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी घाबरणारी माणसं पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, जागोजागी आहेत. स्तोत्र 13 उघडा. अवघी 6 वचनं, आणि त्यातल्या पहिल्या दोनच वचनांत दावीद राजा देवाला चारदा विचारतो, ‘कुठवर?’ देवाशी असं भांडणं हीसुद्धा प्रार्थनाच, कारण तोंड अजून त्याच्याकडेच वळलेलं असतं. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 3:17 हे वचन तर आपल्या शेतकऱ्यांना लगेच कळतं: झाडाला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत. आणि पुढच्याच वचनात हबक्कूक म्हणतो, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. पीक येईलच, असं तो कुठेही म्हणत नाही. बेळगावजवळच्या खानापूर भागात मे महिन्यात धूळवाफ पेरणी करतात ना, भात कोरड्या मातीत टाकून वर आभाळाकडे बघतात. पोटात गोळा असतो, तरी पेरणीची कुरी थांबत नाही. चर्चच्या मंडळीत बायबल-अभ्यास घेताना मी हाच दाखला देतो.

एक मात्र नक्की करा. भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. मुलाने अर्ज करत राहावं, बिलाचा पाठपुरावा करावा, आणि चर्चच्या पाळकांना घरची अडचण मोकळेपणाने सांगावी. रात्र-रात्र झोप लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरकडेही जा, आणि तेही लगेच.