“मॅडम, रिव्ह्यू तर चांगले होते”

मी समुपदेशक आहे. गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न माझ्याकडे इतक्या वेगवेगळ्या तोंडून आला आहे, की आता त्यावर लिहायलाच हवं असं वाटलं. विचारणारे बहुतेक पुरुष, क्वचित एखादी स्त्रीही. कुणी झोप लागत नाही म्हणून आलेलं असतं, कुणाला रक्तदाब आटोक्यात येईना म्हणून डॉक्टरांनी पाठवलेलं. दोन-तीन भेटी इकडचं तिकडचं बोलण्यात जातात आणि मग माणूस एकदम खाली बघून विचारतो, “मॅडम, त्या मेल एस्कॉर्टच्या, म्हणजे पैसे घेऊन भेटणाऱ्या पुरुषांच्या, साइटवर लोकांनी लिहिलेले रिव्ह्यू असतात ना, ते खरे असतात का हो?”

अशा वेळी मी आधी एवढंच सांगते की या खोलीत तुमचा न्यायनिवाडा होणार नाही. विचारायलाच त्यांना कित्येक महिने लागलेले असतात. समोरच्याच्या चेहऱ्यावर एक रेष जरी हलली, तरी तो माणूस पुन्हा येत नाही.

आज सांगते ती गोष्ट पन्नाशी ओलांडलेल्या एका गृहस्थांची. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एका बँकेत अंतर्गत लेखापरीक्षणाचं काम, पत्नी काही वर्षांपूर्वी आजारपणात गेलेली, मुलगा नोकरीनिमित्त परगावी. पुरुषांविषयीची ओढ कॉलेजात असल्यापासूनची. घरच्यांनी लग्न ठरवलं, यांनी मान डोलावली, संसार नेकीने केला आणि तो विषय स्वतःशीसुद्धा कधी काढला नाही. पत्नी गेल्यावर घर रिकामं झालं. एका रात्री मोबाइलवर त्यांना अशी एक साइट दिसली.

लगेच काही केलं नाही त्यांनी. तीन महिने नुसतं वाचत राहिले. एका मुलाच्या जाहिरातीखाली साठ-सत्तर रिव्ह्यू होते. मग धीर करून व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला. आधी ‘मेंबरशिप’चे दोन हजार, मग ‘हॉटेल पास’चे साडेपाच हजार, मग ‘परत मिळणारं डिपॉझिट’ म्हणून पंधरा हजार. ठरलेल्या दिवशी कुणी आलंच नाही. पैसे परत मागितले तेव्हा उत्तरादाखल त्यांचाच एक फोटो आला, मुलाच्या पदवीदान समारंभातला, फेसबुकवरून उचललेला. खाली एक ओळ होती : याला सांगू का, बाबा काय करतात ते?

या टप्प्यावर ते माझ्याकडे आले. अशा वेळी मन मोकळं करणं वगैरे नंतर, धमकी आधी हाताळावी लागते. आणखी एक रुपयाही द्यायचा नाही, कारण एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून चॅट पुसायचं नाही, कारण तोच पुरावा. नंबर, यूपीआय आयडी, व्यवहार क्रमांक, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, फेसबुकची मित्रयादी लपवायची आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची. त्यांची पहिली भीती होती, “पोलीस मलाच आत टाकतील.” मी त्यांना सांगितलं, की सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ बाबतचा निकाल दिला आहे आणि सज्ञान माणसांमधले संमतीचे समलिंगी संबंध हा आता गुन्हा नाही. बदनामीची भीती घालून पैसे उकळणं मात्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ त्यासाठीच आहे. तरीही तक्रार लिहिण्याआधी एखाद्या वकिलाशी बोलून घ्या, असं सुचवलं. त्यांनी तसं केलं. तक्रार नोंदवली, तो नंबर ब्लॉक केला, आणि आठवड्याभरात धमक्या थांबल्या. मुलाला कुणी काही कळवलं नाही. अनेकांच्या बाबतीत असंच होतं. पैसे सुटत नाहीत असं दिसलं की ही मंडळी पुढच्या माणसाकडे वळतात.

पण झोप काही परत आली नाही. खरं काम इथून पुढे होतं.

“पैसे गेले त्याचं मला काही नाही,” ते म्हणाले. “तीस वर्षं मी दुसऱ्यांचे घोटाळे शोधले. आणि मी फसलो? रिव्ह्यू तर चांगले होते, मॅडम. म्हणजे मी मूर्ख तरी आहे, नाहीतर या वयात हे असलं डोक्यात आणलं त्याची शिक्षा तरी मिळाली.”

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. त्यात माणसाच्या दुःखापेक्षा त्या दुःखाला चिकटलेल्या विधानांकडे आधी बघायचं असतं. म्हटलं, “तुमचा एक अंदाज चुकला, हे एक विधान. तुम्ही माणूस म्हणून टाकाऊ आहात, हे दुसरं. पहिल्याला पुरावा आहे. दुसऱ्याचं व्हाउचर दाखवा.”

ते पहिल्यांदाच थोडं हसले. त्या हसण्याचा धागा धरून मी त्यांना एक काम दिलं. ते रिव्ह्यू छापून आणायचे आणि कुठल्याही शाखेची कागदपत्रं तपासावीत तसे तपासायचे. फसवले गेलेले म्हणून नाही, तपासनीस म्हणून.

पुढच्या वेळी ते स्टेपल केलेली पानं घेऊन आले. कडेला लाल शाईत बारीक अक्षरातल्या खुणा. सगळे रिव्ह्यू तीन आठवड्यांच्या आतले, त्याआधी काही नाही, नंतरही नाही. ‘जेन्युइन पर्सन’ हे दोन शब्द पानापानावर, आणि ‘जेन्युइन’चं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी एकाच तऱ्हेने चुकलेलं. एकाही माणसाने उशीर झाला, खोली बरी नव्हती, फोटोपेक्षा वेगळा दिसतो अशी साधी कुरकुरसुद्धा केलेली नाही. चौदा जणांनी मात्र न विचारता खुलासा केला होता : ‘आधी पैसे भरायला भीती वाटली, पण पूर्ण परत मिळाले.’

“ही ओळ,” त्यांनी बोट ठेवलं, “खातेदार कधी लिहीत नाही. ही ज्याला पैसे हवेत तोच लिहितो.” आणि मग आवाज उतरला. “मॅडम, मला हे वीस मिनिटांत दिसलं. मग तीन महिने का नाही दिसलं?”

माझ्या कामात असा क्षण आला की मी बोलत नाही. उत्तर माझ्याजवळ तयार असतं तरी देत नाही; ते त्या माणसाच्या तोंडून आलं तरच त्याला उपयोगी पडतं, हे मी वर्षानुवर्षांच्या कामातून शिकले आहे. फक्त विचारलं, “त्या तीन महिन्यांत वाचताना तुम्हाला कसं वाटायचं?”

बराच वेळ ते पानांच्या कडा सरळ करत बसले. मग म्हणाले, “बरं वाटायचं. एकाने लिहिलं होतं, ‘वय अठ्ठेचाळीस, पहिल्यांदाच धाडस केलं, त्याने समजून घेतलं.’ ते मी कितीदा वाचलं असेल. असं वाटायचं, आपल्यासारखा आणखी कुणीतरी आहे. आपल्याच गावात असेल कदाचित.” थांबून म्हणाले, “मी त्या पोरासाठी नाही वाचत होतो हो. मी हे लिहिणाऱ्यांसाठी वाचत होतो.”

या एका वाक्यावर आमच्या पुढच्या सगळ्या भेटी उभ्या राहिल्या. पन्नास वर्षांच्या आयुष्यात या माणसाला स्वतःसारखा एकही माणूस भेटला नव्हता. त्याला जे पहिले ‘आपले लोक’ भेटले, ते कुणा भामट्याने एका बैठकीत बसून रचलेले होते. त्यांच्यावर विश्वास बसला तो बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. भूक खरी होती, आणि दुसरीकडे कुठे वाढलेलं ताट दिसत नव्हतं. हे लक्षात आल्यावर ‘मी मूर्ख’ हे विधान त्यांनी स्वतःच खोडलं. माझ्या मते हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाने आधी इथे यायला हवं. तुम्ही त्या रिव्ह्यूंकडे नेमकं काय मागताय? तो माणूस कसा आहे हे कळायला हवंय, की तुम्ही ठीक आहात असं कुणीतरी सांगायला हवंय? दुसरी गोष्ट कुठलाही रिव्ह्यू देऊ शकत नाही, खरा असला तरी.

आता पहिल्या गोष्टीकडे येते, कारण त्याचं सरळ उत्तर देणं मी टाळणार नाही. आपल्याकडच्या अशा साइटवरच्या रिव्ह्यूंवर विश्वास ठेवू नका. कारण साधं आहे. हॉटेलबद्दल किंवा मिक्सरबद्दल लिहिणारा खरा ग्राहक आहे का, हे तपासण्याची निदान सोय असते. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी मानक आणलं, त्यात लिहिणाऱ्याची ओळख पडताळण्याच्या पद्धती दिल्या आहेत. इथे मात्र नाव न सांगणं हीच लिहिणाऱ्याची गरज असते. शिवाय देहविक्रयातली दलाली १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे साइट चालवणारा स्वतःच लपलेला. लिहिणारा लपलेला, छापणारा लपलेला, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याचा फोटोही बहुतेकदा कुणा परदेशी मॉडेलच्या इन्स्टाग्रामवरून उचललेला. मग पडताळणार कोण आणि कशाशी?

त्याहून मोठी गोष्ट, जी लोकांच्या ध्यानात येत नाही. ज्याला लुटलं, ज्याला ब्लॅकमेल केलं, तो माणूस रिव्ह्यू लिहीत नाही. तो फोन बंद करून, दार लावून बसतो. माझ्यासमोर बसलेल्यांपैकी एकानेही लिहिलेला नाही. म्हणजे तिथे दिसणारे सगळे रिव्ह्यू खरे आहेत असं क्षणभर धरलं, तरी ज्यांची हकीकत तुम्हाला सगळ्यांत जास्त उपयोगी पडली असती, ते तिथे नाहीतच.

आणि वाईट रिव्ह्यूही नेहमी प्रामाणिक असतो असं नाही. हे काम करणारा एक तरुण काही काळ माझ्याकडे येत होता. कंडोमशिवाय नाही, हा त्याचा नियम. एका गिऱ्हाइकाने त्यावरून वाद घातला, आणि जाताना सांगितलं की आता बघ तुझ्याबद्दल काय लिहितो. लिहिलंही : ‘उद्धट, वेळ फुकट.’ ते वाचणाऱ्याला काय कळणार, की हा उद्धट माणूसच दोघांची तब्येत सांभाळत होता?

अमेरिकेत हा जाहिरातींचा व्यवहार पुष्कळ उघडपणे चालायचा. तिथल्या जाहिरातींवर ट्रेव्हन लोगन आणि मनीषा शाह या अर्थशास्त्रज्ञांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार बोलका वाटतो. जे जाहिरातीत स्वतःचा चेहरा दाखवत, त्यांना जास्त दर मिळत असे. नुसत्या शरीराच्या फोटोंना तो भाव नव्हता. चेहरा दाखवणाऱ्याने स्वतःचंही काही पणाला लावलेलं असतं, आणि त्याने फसवलं तर गिऱ्हाइकं आपसात बोलून त्याला ओळखू शकतात. विश्वास तिथे कौतुकाच्या शब्दांमुळे येत नव्हता, दोन्ही बाजूंना गमावण्यासारखं काही होतं म्हणून येत होता. अर्थात तिथेही कायद्याची तलवार होतीच. जवळजवळ वीस वर्षं चाललेल्या रेंटबॉय या सर्वांत प्रसिद्ध साइटवर ऑगस्ट २०१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये छापा पडला आणि ती बंद झाली.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच प्रश्न सोबत न्यायला सांगते : हे लिहिणाऱ्याचं काय पणाला लागलंय? काहीच नसेल, तर त्या शब्दांना वजन देऊ नका. भेटण्याआधी पैसे मागितले, त्याला कुठलंही गोंडस नाव दिलं तरी, तिथेच थांबा. नोकरीचं ठिकाण, घरचा पत्ता, चेहऱ्यासह खासगी फोटो कुणालाही पाठवू नका. आणि संबंध आलेच, असुरक्षित आले, तर लाजेपायी दिवस घालवू नका. एचआयव्ही टाळण्यासाठीची औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात.

ते गृहस्थ पुढे वर्षभर येत राहिले. गेलेले पैसे परत मिळाले नाहीत. त्यांनी एका सहायता गटाच्या बैठकीला जायचं ठरवलं, त्याआधी दोनदा तिथल्या जिन्यापर्यंत जाऊन परत फिरले. तिसऱ्यांदा आत गेले. नंतर मला म्हणाले, “मॅडम, तिथे माझ्याच वयाचे दोघं होते. एक तर निवृत्त हेडमास्तर. आम्ही तासभर गुडघेदुखीवर बोललो.” त्या दिवशी मला जे समाधान वाटलं, ते लपवण्याचं काही कारण नाही. ज्या सोबतीसाठी त्यांनी तीन महिने खोटे शब्द वाचले होते, ती त्यांना खऱ्या माणसांत मिळाली होती. पुन्हा पैसे देऊन कुणाला भेटायचं की नाही, हा निर्णय त्यांचा. त्यावर मी मत दिलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही.

मला ईमेल करून ‘खात्रीची साइट कुठली’ असं विचारणाऱ्यांना मी साइटचं नाव देत नाही. मी सांगते, मुंबईत १९९४ पासून समलिंगी व्यक्तींसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट आहे, पुण्यात समपथिक ट्रस्टने या विषयावर मराठीतून काम केलं आहे. आणि लहान गावात असाल, कुठे जाणं जमत नसेल, तर १०९७ ही एड्स नियंत्रण कार्यक्रमाची मोफत हेल्पलाइन आहे. तिथे मराठीतून बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही.